श्मीला आणायला कोणी गेलं नाही

प्रिय मित्रा,

तुझा लेख मिळाला. एकोणीस पानं! परवा रात्री एका बैठकीत वाचला, काल दुपारी पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. तू मला ताई म्हणतोस, पण वयाने मी तुझी मावशी शोभेन. तेव्हा मावशीच्या हक्काने बोलते: पहिल्या अठरा पानांत तू कुठेच सापडत नाहीस. 'स्टार वॉर्स'चा 'द फँटम मेनेस' हा भाग किती टाकाऊ आहे हे तू साक्षीपुराव्यासकट मांडलंयस, पण ते सगळे मुद्दे मी गेली पंचवीस वर्षं ऐकतेय. याच क्रमाने, आणि बरेचदा याच विनोदांसकट.

मग एकोणिसाव्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, ता. क.: "ताई, खरं सांगायचं तर सात वर्षांचा असताना मी हा पिक्चर अकरा वेळा पाहिला होता. घरी डीव्हीडी होती. तो वेंधळा जार जार मला फार आवडायचा. हे काढून टाकू ना?"

काढू नकोस. तुझा लेख तिथे सुरू होतो. मागच्या अठरा पानांतलं काय ठेवायचं ते बघू.

आधी माझी गोष्ट ऐक, म्हणजे हे मी कोणत्या तोंडाने सांगतेय ते कळेल. आम्ही सांगलीत राहायचो. ऐंशीच्या दशकात थोरल्या भावाचे मित्र वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे. सकाळी दहाला यंत्र परत करायचं असे, म्हणून एका रात्रीत चार-चार कॅसेटी उरकायच्या. 'स्टार वॉर्स' मी असा पाहिला. पहाटे तीनला, गादीवर पालथी पडून, कॉपीच्या कॉपीवरून काढलेली रंग उडालेली कॅसेट. इंग्रजी निम्म्याहून जास्त डोक्यावरून गेलं. तो काळा मुखवटावाला श्वास घ्यायला लागला की कोपऱ्यात झोपलेली आजी दचकून उठायची. पुढचे दोन भागही असेच, सुट्ट्यांमध्ये. तिसऱ्या भागाच्या कॅसेटवर मात्र शेवटची पंधरा-वीस मिनिटं कुणाच्या तरी मुंजीचं शूटिंग चढलेलं होतं. हिरवी आणि लाल तलवार एकमेकींवर आदळतायत, बाप-लेक समोरासमोर, आणि एकदम केळीचे खांब, रांगोळी, मातृभोजन! मुंजा मुलगा आईला खेटून बसलाय, तिच्या ताटात जेवतोय, आणि आजूबाजूच्या बायका पदराने डोळे टिपतायत. कितीतरी वर्षं माझ्यापुरता त्या गोष्टीचा शेवट एवढाच होता. भाऊ चिडायचा. मला मात्र तो शेवट फारसा खटकला नव्हता.

'द फँटम मेनेस' अमेरिकेत १९ मे १९९९ ला लागला. आधीचा भाग येऊन सोळा वर्षं झाली होती आणि जॉर्ज ल्यूकस स्वतः दिग्दर्शनाला बसला त्याला बावीस. तेव्हाचं वेड तुला सांगून पटायचं नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हा तिकडचे लोक दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटाचं पुरं तिकीट काढायचे, ट्रेलर बघायचे आणि मुख्य चित्रपट सुरू व्हायच्या आत उठून चालते व्हायचे. लॉस एंजेलिसच्या चायनीज थिएटरबाहेर लोक कित्येक आठवडे आधीपासून रांग लावून बसले होते. एवढी भूक चाळवून शेवटी पान वाढलं, आणि पहिला घास कोणता? पडद्यावर सरकणारी पिवळी अक्षरं सांगतात की दूरच्या तारामंडळांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवरच्या करावरून तंटा पेटला आहे.

मी तेव्हा अंधेरीला एका एडिटिंग रूममध्ये असिस्टंट होते. मुंबईत लागल्यावर आम्ही पाच-सहा जण मिळून गेलो. बाहेर चहाच्या टपरीवर आमचे एक सीनियर म्हणाले, "सेल्स टॅक्स ऑफिसचा पिक्चर आहे रे हा." सगळे हसले, मीही हसले. थिएटरात साधारण मध्यावर एका जागी माझा घसा दाटून आला होता, ते काही मी बोलले नाही. उलट पुढची चार-पाच वर्षं कुणी विषय काढला की तो सेल्स टॅक्सचा विनोद मीच स्वतःचा म्हणून खपवत होते. उसनं मत किती सोयीचं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. त्याचं व्याज बसत नाही आणि चारचौघांत ते शोभूनही दिसतं.

आता पेन्सिलीच्या खुणा.

सातव्या पानावर तू लिहिलंयस, "सगळं कॉम्प्युटरवर केलेलं, हाताचं काम शून्य." हे तू कुठून घेतलंस? छोट्या उडत्या यानांच्या पॉड-शर्यतीतलं ते प्रचंड स्टेडियम आठवतं ना, हजारो प्रेक्षकांनी खच्चून भरलेलं? ते छोटं मॉडेल होतं, आणि दूरवर दिसणारे प्रेक्षक म्हणजे कान कोरायच्या कापसाच्या काड्या. माणसं बसली, काड्या रंगवल्या, एकेक खोचल्या. नाबू या राणीच्या ग्रहाच्या राजधानीतले धबधबे पाण्याचे नाहीत, मिठाचे आहेत. मॉडेलवर पाणी सोडलं की थेंब मोठे दिसतात आणि सगळं बिंग फुटतं, मीठ मात्र बारीक पडतं. राणीच्या महालाचा आतला भाग इटलीतल्या कासेर्ताच्या खऱ्या राजवाड्यात चित्रित झालाय. टॅटूइन या ग्रहाचं वाळवंट ट्युनिशियातलं, आणि तिथे १९९७ मध्ये एका रात्री असं वादळ आलं की सेटची पार दाणादाण उडाली, पुन्हा उभा करावा लागला. कॉम्प्युटरचं काम अफाट आहे, त्यात वाद नाही. ते जिथे डोळ्यांत खुपतं तिथे तसं म्हण, दृश्य नेमून म्हण. पण शून्य म्हणालास आणि वाचणाऱ्याला त्या कापसाच्या काड्या ठाऊक असल्या, तर पुढची बारा पानं तो कशाला वाचेल?

नववं पान तर मजेशीर आहे. "या भागातला डिजिटल योडा निर्जीव वाटतो, जुन्या बाहुलीत जो जीव होता तो इथे नाही." अरे, १९९९ मध्ये थिएटरात तो बुटका हिरवा गुरू योडा बाहुलीच होता! ल्यूकसने २०११ च्या ब्लू-रेसाठी तो बदलून कॉम्प्युटरचा घातला, आणि आज ऑनलाइन तुला दिसतो तो हा बदललेला. आता गंमत बघ. तुझ्या घरची डीव्हीडी जुनी असणार, म्हणजे सातव्या वर्षी अकरा वेळा तू बाहुली पाहिलीस आणि तेविसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा योडा पाहून बाहुलीसाठी हळहळलास. तुझ्या डोळ्यांना फरक कळला होता, फक्त तू त्यांना विचारलं नाहीस. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, "कुठली प्रिंट?" तोच प्रश्न लेखाच्या पहिल्या परिच्छेदात स्वतःला विचार, आणि उत्तर वाचकालाही सांगून टाक.

अकराव्या पानावरचे जार जारचे विनोद मी आडवी रेघ मारून काढलेत. ते का काढले ते समजून घे. पात्र सगळ्यांना आवडलंच पाहिजे असं नाही, मलाही त्याचं ते धडपडणं, जीभ बाहेर काढणं दहा मिनिटांत नको होतं. पण त्या पात्राच्या आत अहमद बेस्ट नावाचा पंचविशीतला नट होता. तालवाद्यांच्या एका रंगमंचीय खेळातून आलेला, अंगात लय असलेला. सबंध कॉम्प्युटरने घडवलेलं, तरी माणसाच्या हालचालींवर उभं असलेलं इतकं मोठं पात्र त्याआधी पडद्यावर आलं नव्हतं. त्याने जी वाट पाडली तिच्यावरून पुढे बाकीचे गेले आणि बक्षिसं घेऊन आले. याला मिळाला त्या वर्षीचा सर्वांत वाईट सहायक अभिनेत्याचा रॅझी हा टिंगलीचा पुरस्कार, आणि इतकी शिवीगाळ की जीव द्यावासा वाटला होता, हे त्याने स्वतः २०१८ मध्ये सांगितलं. छोट्या अनाकिनचं, पुढे तोच काळा मुखवटावाला होणाऱ्या पोराचं, काम करणारा जेक लॉइड तर शाळकरी पोर. त्याला वर्गात फार चिडवलं, आणि पुढे त्याने अभिनयच सोडला. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' या स्टार वॉर्स मालिकेत अहमद बेस्ट जेडाय, म्हणजे तलवारधारी योद्धा-साधू, होऊन परत आला, दोन्ही हातांत तलवारी घेऊन एका लेकराला वाचवताना, तेव्हा मी एकटीच होते घरात, आणि टाळ्या वाजवल्या. तू जार जारवर टीका जरूर कर. लेखणी त्याच्यावर चालवणाऱ्याने, दिग्दर्शकाने, विनोदाची जागा ठरवणाऱ्याने काय चुकवलं ते लिही. नटाच्या अंगावर जाऊ नकोस.

याच पानावर तू एक गोष्ट गाळली आहेस, तीही अशी की जिच्यावर तुला खरंच काही म्हणता आलं असतं. जार जारची बोली, व्यापारी संघाच्या त्या घाबरट प्रतिनिधींचे उच्चार, वॉटो या भंगारवाल्याचं नाक आणि त्याची पैशाची हाव, हे सगळं खऱ्या जगातल्या खऱ्या समाजांच्या जुन्या चेष्टांवर बेतलेलं वाटतं, असा आक्षेप पहिल्या आठवड्यापासून घेतला गेला. तो आक्षेप मला मान्य आहे. सात वर्षांच्या तुला त्यातलं काही दिसलं नाही, हे बरोबरच. आज दिसत असेल तर आज लिही, आणि तेव्हा आवडला होता हेही लिही. दोन्ही एकाच पानावर नांदू देत.

मिडी-क्लोरियनवर, त्या रक्तातल्या सूक्ष्मजीवांवर, तू अडीच पानं खर्च केलीस. जेडायांच्या गूढ शक्तीला रक्ततपासणीच्या रिपोर्टात बसवलं, चुकलं, एवढ्या एका ओळीत ते संपतं. पैशांचे आकडेही काढ. पहिल्या फेरीत ९२ कोटी डॉलर कमावले आणि २०१२ च्या थ्रीडी आवृत्तीनंतर १०० कोटींच्या पुढे गेला, यावरून चांगला-वाईट काहीच ठरत नाही.

पण चौदाव्या पानावरचं तुझं निरीक्षण, शेवटची लढाई "कशीतरीच वाटते", हे तुझं स्वतःचं आहे, उसनं नाही. ते तू अर्ध्या वाक्यात सोडलंस, कारण 'कशीतरीच' म्हणजे कशी ते शोधायचा कंटाळा केलास. मी एडिटर आहे म्हणून ही गाठ तुला सोडवून देते, पुढची तू सोड.

शेवटी चार लढाया एकाच वेळी चालतात. गवताळ मैदानावर जार जारचे गंगन लोक विरुद्ध यंत्रसैनिक. महालात राणीची माणसं. आकाशात छोटा अनाकिन. आणि खाली यंत्रशाळेत खलनायक डार्थ मॉलसमोर जेडाय गुरू क्वाय-गॉन आणि त्याचा शिष्य ओबी-वान. एकात जार जार पाय अडकून पडतो आणि चुकून शत्रू मरतात, ते विनोदी. दुसरं साहसी. तिसऱ्यात पोरगं चुकून शत्रूच्या जहाजात शिरतं, चुकून नेमक्या जागी गोळा टाकतं आणि 'अरेच्चा' करतं. चौथ्यात एक गुरू आपल्या शिष्याच्या डोळ्यांदेखत मरतो. आता यांचा इंटरकट कर, म्हणजे आलटून-पालटून जोड! चार पातेली चार शेगड्यांवर, आणि पळी एकच. गुरूच्या छातीत तलवार घुसली तो आवाज कानातून जायच्या आत तू जार जारवर येतोस. या चित्रपटाच्या निर्मितीवर एक माहितीपट आहे, त्यात कच्चं संकलन बघून झाल्यावरचा प्रसंग आहे. खोलीतले चेहरे पडलेले. संकलनाला बसलेला बेन बर्ट म्हणतो की दीडेक मिनिटात आपण शोक, सुटका, विनोद सगळं करून परत फिरतोय. आणि ल्यूकस कबूल करतो की काही ठिकाणी आपण जरा जास्तच पुढे गेलो असू. एवढ्या मोठ्या माणसाने कॅमेऱ्यासमोर हे म्हणावं आणि ते माहितीपटात राहू द्यावं, याबद्दल मला त्याचं कौतुक आहे. चित्रपट सुधारला नाही ही गोष्ट वेगळी. मी असते तर त्या पोराला आकाशात पाठवलंच नसतं. त्याला खाली, दाराआड उभं केलं असतं, क्वाय-गॉन पडताना बघायला. पण मला कोण विचारतंय.

आणि ते राजकारण, तो 'सेल्स टॅक्स'. यावर मी माझं मत बदललंय. आपल्याकडे कीर्तनात पूर्वरंग आधी आणि उत्तररंग नंतर असतो. बुवा आधी एखादा अभंग घेऊन निरूपण करतात, लोक सावरून बसतात, मग आख्यान. ल्यूकसने आख्यान १९७७ ते १९८३ मध्ये रंगवून सांगितलं, लोक आरती करून, प्रसाद घेऊन, चपला घालून निघाले, आणि सोळा वर्षांनी हा म्हणतो, थांबा, पूर्वरंग राहिलाय. चुळबूळ होणारच! पण निरूपण काय आहे ते तरी ऐक. पॅल्पटीन, जो पुढे सम्राट होतो, तो सत्ता बळकावत नाही. तो एका चांगल्या मनाच्या, चौदा वर्षांच्या, घाईला आलेल्या राणीच्या कानाशी लागतो, आणि ती भर सभेत विद्यमान प्रमुखावर अविश्वासाचा ठराव मांडते. ज्या माणसाने तिच्या ग्रहावर संकट आणलं त्यालाच ती स्वतःच्या तोंडाने गादीवर बसवते, सगळं कायद्याने, टाळ्यांच्या गजरात. हे चित्रपटातलं सर्वांत धारदार कथानक आहे. सादर केलंय मात्र तलाठ्याने सातबारा वाचावा तसं. दोष लिहायचा तर हा असा लिही. 'राजकारण कंटाळवाणं आहे' हे आळशी वाक्य आहे.

(जाता जाता: राणी दासीचा वेष घेते तेव्हा तिचं नाव पद्मे. थिएटरात पहिल्यांदा ते नाव ऐकू आलं आणि मागच्या रांगेतल्या कुणीतरी "पद्मे, पाणी आण गं" म्हटलं. त्यानंतर माझ्या ओळीला तो प्रसंग गंभीरपणे बघता आला नाही.)

आता तिघांचं ते तलवारयुद्ध. ते आवडतं हे कबूल करायला कुणालाच लाज वाटत नाही, तूही केलंयस. जॉन विल्यम्सने त्यावर जो समूहस्वर घातलाय तो संस्कृतात आहे, हे तुला माहीत होतं? एका जुन्या वेल्श कवितेच्या इंग्रजी रूपातल्या ओळी त्याने संस्कृतात करून घेतल्या. जिभेच्या मुळाशी एक भयंकर लढाई आणि डोक्याच्या मागे दुसरी, अशा अर्थाच्या. मग अर्थ बाजूला ठेवून कानाला बरी लागतील तशी अक्षरं फिरवली. 'कोरा माता, कोरा रतामा' असं काहीसं ऐकू येतं. मी शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं, तरी शब्दकोश मांडीवर घेऊन बसूनही एका पदाची विभक्ती लागली नाही. पण अंगावर काटा येतो. न कळणाऱ्या मंत्राने यायचा तसाच.

त्या युद्धात कशासाठी लढतायत, असं मी तुला विचारलं तर तू काय सांगशील? महालासाठी? डेव्ह फिलोनी, ज्याने पुढे या विश्वातल्या बऱ्याच मालिका केल्या, त्याने २०२० मध्ये एका कार्यक्रमात याची फोड केली: लढाई त्या पोराच्या नशिबाची आहे. क्वाय-गॉन जगला असता तर अनाकिनला बाप मिळाला असता. तो मरतो, आणि ओबी-वान त्या पोराला वाढवतो ते मरणाऱ्या गुरूला दिलेल्या शब्दाखातर. हे ऐकलं आणि वाटलं, अर्धं बरोबर आहे. बाप पुढे गेला, पण आई आधीच मागे राहिली होती. तिचं काय?

इथे माझा घसा दाटला होता.

क्वाय-गॉनला जहाजाचा एक भाग हवाय, त्याचे पैसे टॅटूइनवर चालत नाहीत, म्हणून शर्यतीवर पैज लागते. अनाकिन आणि त्याची आई श्मी, दोघंही वॉटोचे गुलाम. वॉटो दोघांवर पैज लावायला नकार देतो, एकावरच लावीन म्हणतो, आणि कोण ते ठरवायला फासा टाकतो. क्वाय-गॉन हलकेच हात फिरवतो. फासा मुलाच्या बाजूने पडतो. बघ, किती छोटा शॉट आहे तो. पापणी लवली की सुटेल. एका जेडायने, सगळ्यांत भल्या जेडायने, जादू वापरून आईला गुलामीत ठेवलं. पोराला सोडवायचं म्हणून, मान्य, पण ठेवलं.

मग निरोप. पर्निला ऑगस्ट ही स्वीडिश नटी श्मी झालीय, आणि सबंध चित्रपटात अभिनय म्हणावा असा जो काही आहे त्यातला बराच तिच्या चेहऱ्यावर आहे. पोरगं थोडं पुढे जातं, थांबतं, परत धावत येतं. आपण पुन्हा भेटू ना, विचारतं. ती समजूत घालते आणि शेवटी सांगते, मागे वळून बघू नकोस. पोरगं बघत नाही. आवाज बंद करून हा प्रसंग बघ एकदा. मला तर तिथे केळीचे खांब दिसले. आईच्या ताटातला शेवटचा घास, मग गुरुगृही. आपल्याकडे मुंज आठव्या वर्षी करतात. पोरगं नऊ वर्षांचं आहे, आणि जेडाय मंडळाने नेमकं तेच कारण काढलं: वय उलटलं. मंडळातला एक जण त्याला म्हणतो, तुझं मन आहे आईकडे. योडा विचारतो, तिला गमावायची भीती वाटते? त्याचा इथे काय संबंध, पोरगं विचारतं. आणि हीच भीती पुढे नाशाला कारण होईल म्हणून त्याला नाकारतात. नऊ वर्षांच्या मुलाने आईची काळजी केली, हा दोष!

पुढे लढाई जिंकली, राणी गादीवर परतली, पोराने तर अख्खं युद्ध फिरवलं. आता मला सांग, एक जहाज टॅटूइनला पाठवायला काय लागत होतं? त्या राणीच्या एका पोशाखाच्या किमतीत श्मी सुटली असती. दहा वर्षं कोणी गेलं नाही. २००२ च्या पुढच्या भागात कळतं की तिला विकत घेऊन मोकळं केलं आणि तिच्याशी लग्न केलं ते हवेतून पाणी काढणाऱ्या एका साध्या शेतकऱ्याने. जेडायांना जे सुचलं नाही ते त्याला सुचलं. अनाकिन पोचतो तेव्हा ती त्याच्या हातांत मरते, आणि तो काळा मुखवटा तिथून घडायला लागतो. आजीला झोपेतून उठवणारा तो श्वास, त्याची सुरुवात त्या न पाठवलेल्या जहाजात आहे.

आणि माझी या चित्रपटावरची मोठी तक्रारही हीच आहे, बघ. जेडायांनी श्मीला जितक्या चटकन मागे टाकलं तितक्याच चटकन ल्यूकसनेही टाकलं. निरोप झाला की आपण पुढच्या ग्रहावर, मग सभा, ठराव, पोशाख. तिचा एक शॉट, रिकाम्या घरातला एकच शॉट, परत दाखवला असता तरी या गोष्टीचा तोल बदलला असता. माझं प्रेम आणि माझा राग एकाच जागी आहेत. तुझी जागा हीच असेल असं नाही. तू सातव्या वर्षी जार जारला का हसायचास? घरी तेव्हा काय चाललं होतं? तो पडला की त्याला कुणी ओरडत नाही, उलट शेवटी सेनापती करतात, याचं बरं वाटायचं का? मी आपली अंदाज करतेय. खरं काय ते तुलाच माहीत, आणि लेखात मला तेच वाचायचंय. सात-आठ पानं पुरेत.

राहिला तुझा दुसरा प्रश्न: भाचीला कुठल्या क्रमाने दाखवू? ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. आधी जुने तीन, मग हा. काही लोक हा भाग पुरताच वगळायला सांगतात, त्यांचं ऐकू नकोस. आधी मुखवटा बघू दे, मग पोरगं. म्हणजे सगळे त्याचं कौतुक करत असताना तिच्या पोटात खड्डा पडेल. आणि ती सात वर्षांची आहे, जार जार आला की लोळून हसेल, तेव्हा शेजारी बसून तोंड वाकडं करू नकोस. तिच्या चेहऱ्याकडे बघ, लेखाला उपयोगी पडेल.

शेवटी विजयाची मिरवणूक आहे. फुलं, ढोल, पोरांचा समूहस्वर. विल्यम्सने तिथे एक लबाडी केलीय: तिसऱ्या भागात सम्राटाबरोबर जी काळीकुट्ट धून येते तीच त्याने हसऱ्या सुरांत बांधून त्या पोरांच्या तोंडी दिलीय. पॅल्पटीन गर्दीत उभा राहून गोड हसतो, आणि पडद्यावरचं अख्खं गाव त्याचंच गाणं गातं. माझ्या हे लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली, आणि धंद्याने मी कान विकून खाणारी बाई.

भाची त्या गाण्यावर नाचायला उठेल. ते कुणाचं गाणं आहे, हे तिला इतक्यात सांगू नकोस.

तुझी,
ताई